के. आर. पुरमच्या गर्दीवरचा ठपका

सकाळी नऊच्या सुमारास के. आर. पुरमच्या रेल्वे स्थानकातून मेट्रोच्या जिन्याकडे धावणारी गर्दी पाहावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा राहिलेला दुवा जोडला गेला आणि व्हाइटफील्डची वाट सलग झाली. त्या गर्दीत भौतिकशास्त्राचे पदवीधरही असतात. कोणी नांदेडचा, कोणी साताऱ्याची. ‘देशाने यांना विज्ञान शिकवले आणि हे सॉफ्टवेअरच्या पगाराला भुलले’ हा ठपका त्यांच्या कपाळी ठरलेलाच. तो अन्यायाचा आहे आणि चुकीच्या दारावर चिकटवलेला आहे.

मुळात सॉफ्टवेअर हे भौतिकशास्त्राला परके घर नव्हे. ‘टिफरॅक’ हा भारतीय बनावटीचा आरंभीचा संगणक १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झाला. १९८९ साली सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडणारे टिम बर्नर्स-ली भौतिकशास्त्राचेच पदवीधर. २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल हॉपफील्ड आणि हिंटन यांना मिळाले, तेही कृत्रिम चेताजालांच्या पायाभूत कामासाठी. मग कुंपण नेमके कोणी घातले?

आता हिशेब पाहू. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला सहा हजार कोटींहून अधिक आणि हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडियाला २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. त्याच वर्षी कनिष्ठ संशोधकाची मासिक पाठ्यवृत्ती ३१,००० वरून ३७,००० झाली. पाच-सहा वर्षांची पीएच.डी., मग मुदतीच्या नेमणुका आणि तिशी उलटल्यावरही कायम पदाची प्रतीक्षा. यंत्राला कोटी आणि माणसाला करार, असा हा व्यवहार आहे. घरी कर्जाचा हप्ता असलेल्या मुलीने व्हाइटफील्डची गाडी पकडली, तर तिला विज्ञानद्रोही ठरवणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

विसंगती याहून खोल आहे. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकात १९९० च्या दशकाच्या आरंभीच पायाभूत काम झाले. ती गणिते प्रत्यक्षात चालतात ती संगणकीय आज्ञावलींवरच. उद्या औंढा नागनाथला उत्तम आज्ञावली लिहिणारे लागतील. ते आज के. आर. पुरमला उतरत आहेत.

पदवीधरांनीही भ्रमात राहू नये. समीकरण सोडवता येते म्हणून टिकाऊ आज्ञावली लिहिता येतेच असे नाही. विदा-संरचना, चाचण्या, दुसऱ्याला वाचता येईल अशी मांडणी हे सारे वेगळे शिकावे लागते. ते विज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुरवणे हे विद्यापीठांचे काम आहे. विद्यार्थ्याने उरल्या रात्री स्वतःच उरकण्याचे नव्हे.

म्हणून गेलेल्यांना दोष देणे थांबावे. संशोधन संस्थांनी वैज्ञानिक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी कायम पदे निर्माण करावीत आणि उद्योगातून परतणाऱ्यांचा अनुभव सेवेत धरावा. जाणाऱ्याला कोसणे फुकट असते. परतीचे दार उघडायला मात्र पैसे लागतात. खरी अडचण तिथेच आहे.