आधी घर पाहावं राहून!

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा नव्या घराचा एक साचाच ठरून गेला आहे. हॉलला पीओपीचं छत, त्यात निळे-पिवळे दिवे, टीव्हीच्या मागे दगडासारखा दिसणारा वॉलपेपर आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकची फुलं. वास्तुशांतीच्या जेवणाला गेलं की वाटतं, अरे, हेच घर तर आपण मागच्या महिन्यात पाहिलं! दारावरची पाटी तेवढी वेगळी. बचत गटाच्या कामामुळे माझं दररोज चार घरी जाणं होतं. त्यामुळे हे ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

ही सजावट कुणी ठरवली, असं घरातल्या बाईला विचारलं तर उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. “कॉन्ट्रॅक्टरनं सुचवलं, ह्यांना आवडलं.” आणि तुम्हाला? “इश्श, मला काय कळतंय त्यातलं!”

माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या वाक्याला. दिवाळीत अंगणात रांगोळी घालताना कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग खुलेल हे तिला कुणी सांगावं लागत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना कुठला तुकडा मध्ये आणि कुठला काठाला, हे ती कागदावर न काढता ठरवते. साडीला जुळणाऱ्या ब्लाऊजपीससाठी दुकानदाराला अख्खं कपाट खाली काढायला लावते. तिला रंगातलं कळत नाही? चांगलं कळतं. फक्त त्या कळण्याला कुणी कला म्हटलं नाही, आणि भिंतींचा विषय निघाला की तिला कुणी विचारत नाही.

आपल्याकडची वारली चित्रकलाच घ्या. आज ती कपांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर दिसते. पण मुळात लग्नघरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकापासून ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगापुढे नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठंच आहे. पण भिंतीवर पहिली रेघ ओढणारे हात बायकांचे होते, हेही विसरू नये. घराची भिंत कशी दिसावी हे ठरवणं आपल्याला नवीन नाही. ते मध्ये कुठेतरी आपल्या हातून सुटलं.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांच्या कागदांवर आता बाईचं नाव आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण कागदावर मालकीण असलेल्या बाईला स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा विचारलेली नसते! एका घरी उंचीनं लहान असलेली सून पाटावर उभी राहून पोळ्या लाटताना मी पाहिली. ओटा चकचकीत ग्रॅनाइटचा, पण तिचे खांदे दुखून आलेले. खरं तर हिशेब सोपा आहे. ताठ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, आणि ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली ठेवायचा. रोज जी राबणार तिच्या अंगाचं माप घ्यायला नको का?

दोन वर्षांपूर्वी आम्ही गावातला जुना वाडा सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा मी घरात एकच अट घातली. पहिले तीन महिने सजावटीसाठी काही म्हणजे काही विकत आणायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, “अगं, घर उघडंबोडकं दिसेल, लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “आई, लोक एक दिवस येणार, आपल्याला रोज राहायचंय.”

त्या तीन महिन्यांत मी फक्त घर पाहिलं. कुठल्या खोलीत ऊन किती वाजता येतं, वारा कुठून येतो, माणसं आपोआप कुठे बसतात, हे वहीत टिपलं. पश्चिमेच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर बसवत नाही, तिथे सोफ्याऐवजी कपाटं गेली. उत्तरेची लहान खोली सगळ्यांनी अडगळीसाठी धरली होती. पण तिथला प्रकाश दिवसभर शांत, डोळ्यांना न बोचणारा. चित्रकारांना उत्तरेचा उजेड आवडतो तो याचसाठी, तो फारसा बदलत नाही. तिथे माझं शिलाई मशीन आणि पुस्तकं आली. अडगळीचं काय? बरीचशी देऊन टाकली.

सातारा जिल्ह्यातलं औंधचं श्रीभवानी संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. तिथे चित्रांवर दिवसाचा उजेड नीट पडेल असा विचार इमारतीतच केलेला आहे. राजवाडा आपल्याला परवडणार नाही, पण उजेडाचा विचार करायला पैसे कुठे लागतात?

रंगाचंही तसंच. दुकानातल्या बोटभर कार्डावरून भिंतीचा रंग ठरवू नका. रंगाचा लहान डबा आणून भिंतीवर दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा रंगवा आणि तो सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबच्या उजेडात पाहा. एकच रंग तीन वेळा वेगळा दिसतो. चित्र टांगायचं तर उगाच छताजवळ नको, त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर बरा. आणि तुमच्याकडे खाली सतरंजीवर बसायची पद्धत असेल तर आणखी खाली. एखादी भिंत रिकामी राहिली तरी चालेल. रांगोळीतसुद्धा मोकळी जागा सोडली तरच नक्षी उठून दिसते ना!

वस्तू तर घरातच असतात. आजेसासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आमच्या हॉलमध्ये आहे, त्यात झाड लावलंय. विरलेल्या इरकलीचे काठ उशांच्या अभ्र्यांना लागले. आमच्या गटातल्या एका बाईंनी शिवलेली गोधडी दिवाणावर आहे. तिचे पैसे मी तिला रोख दिले, तेही सांगते. कारखान्यातलं कुठलंसं छापील चित्र घेण्यापेक्षा आपल्या गावातल्या कुंभाराला, सुताराला, गोधडी शिवणारीला चार पैसे मिळाले तर घरही सजतं आणि तिचंही घर चालतं.

कुणी म्हणेल, इंटिरिअरवाल्याला त्यातलं शिक्षण असतं. असतंच, आणि वायरिंग, नळ, गळती यांत त्याचं ऐकायलाच हवं. पण त्यानं आपलं ऐकायला आधी आपण बोलायला हवं. कर्जाचा हप्ता वीस वर्षं भरायचा आणि घर मात्र कॅटलॉगच्या पान नंबरावरून ओळखायचं, हे मला पटत नाही. छतावर घालायचे पन्नास हजार वाचले तर लेकीच्या शिक्षणाला होतात, हाही विचार सजावटीतलाच आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, नव्या घरात जाल तेव्हा घाई करू नका. एक वही घ्या, सकाळ-संध्याकाळ घर पाहा आणि काय हवं, काय नको ते लिहा. मग ती वही घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा. आणि एक कोपरा, अगदी खिडकीजवळची एक खुर्चीसुद्धा चालेल, पण तो स्वतःच्या नावानं आधी लिहून टाका.