तीस दिवस आणि एक महिना

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने, एकशे ऐंशी दिवस म्हणजे सहा महिने, असा हिशेब घरोघरी सहज मांडला जातो. बोलण्यापुरता तो चालतो. व्यवहाराच्या कागदावर मात्र चालत नाही. वर्षाच्या 365 दिवसांना 12 ने भागल्यास महिन्याची सरासरी सुमारे 30.42 दिवस येते. परंतु असा सरासरीचा महिना कोणत्याही दिनदर्शिकेत सापडत नाही.

1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टनुसार महिना म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना. त्यामुळे 1 जानेवारीपासूनचे सहा महिने 181 दिवसांचे (लीप वर्षी 182), तर 1 जुलैपासूनचे 184 दिवसांचे होतात. 180 दिवसांची मुदत ठेव मात्र 1 जुलैस ठेवल्यास 28 डिसेंबरलाच पूर्ण होते. पाच लाख रुपयांवर द.सा.द.शे. 7 दराने एका दिवसाचे व्याज सुमारे 96 रुपये. म्हणजे ठेवीच्या हिशेबात दोन-चार दिवसांचा फरक सोसण्यासारखा असतो.

चेकच्या बाबतीत मात्र संपूर्ण रक्कम अडकू शकते. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने आहे. नव्वद दिवस नव्हे. 10 फेब्रुवारीचा चेक 10 मेपर्यंतच चालतो. लीप नसलेल्या वर्षी नव्वदावा दिवस 11 मे रोजी येतो; त्या दिवशी बँकेत गेलेल्या मनुष्याच्या हाती शिळा चेक उरतो.

चेक न वटल्यास नेमकी उलट चूक घडते. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 नुसार, चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते. येथे शब्द दिवसांचा आहे. 5 जुलैला माहिती मिळाली असेल, तर शेवटचा दिवस 4 ऑगस्ट. 'महिना आहे' या समजुतीने 5 ऑगस्टला पाठवलेली नोटीस एका दिवसाने निष्फळ ठरते. चेकची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा भरता येतो. नसेल तर दिवाणी दाव्याचा लांबचा मार्ग उरतो. नोटीस मिळाल्यावर समोरच्यास पैसे देण्यासाठी 15 दिवस असतात. त्यानंतर न्यायालयात तक्रार करण्यास एक महिना मिळतो. येथे पुन्हा शब्द महिन्याचा! एकाच प्रकरणात दोन्ही मापे अशी शेजारी नांदतात.

म्हणून कागदावर 'दिवस' असेल तर दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजावेत. आरंभाचा दिवस सोडून दुसऱ्या दिवसापासून एक धरावा. 'महिने' असतील तर पुढील महिन्यातील तीच तारीख पाहावी. ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा अखेरचा दिवस धरावा. 31 जानेवारीपासूनचा महिना 28 वा 29 फेब्रुवारीस संपतो. मुदतीची अंतिम तारीख पहिल्याच दिवशी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी आणि काम तिच्या आठ दिवस आधी उरकावे. बेरीज अचूक असली, तरी अखेरच्या दिवशी बँक सुट्टीमुळे बंद असू शकते.