नाके उठले, भाव बसला



तासगावहून पुणे, पुण्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली. आमची वाट आजवर अशी वरवर चढत गेली. मोर्चा असो की निवेदन, वाट तीच. शेजारच्या राज्यातला शेतकरी काय पेरतो आणि त्याच्या पदरात काय पडते, हे मात्र आम्हाला वर्तमानपत्रातून कळायचे. म्हणून २०२५ ची दिवाळी उरकल्यावर आम्ही चौघांनी दोन मोटारसायकली काढल्या आणि ठरवले, या खेपेला वर जायचे नाही, आडवे जायचे. मोठा रस्ता लागला तर ओलांडायचा, शक्यतो धरायचा नाही.

कवठेमहांकाळ, जत, विजयपूर, कलबुर्गी, जहिराबाद, आदिलाबाद, पांढरकवडा, यवतमाळ, अमरावती, मेळघाटातून धारणी, बऱ्हाणपूर, खरगोन, सेंधवा, धुळे आणि अहिल्यानगर-पंढरपूरवरून परत. राज्ये चार, दिवस तेरा, अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर.

रात्री कुठे मुक्काम केला आणि पंक्चर किती झाली, ते सांगत बसत नाही. एक मात्र सांगतो. आदिलाबादच्या अलीकडे एका गाडीची साखळी तुटली. एका शेतकऱ्याने गाडी ट्रॉलीत घालून गावात नेली. त्याला मराठी येत नव्हते, आम्हाला तेलुगू येत नव्हते. पण नंबरप्लेटवरचे एम. एच. १० पाहून त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे कापसाला काय भाव?" तेरा दिवसांत जात, गाव, पक्ष यांच्याआधी आम्हाला हाच प्रश्न विचारला गेला. बोली चार, प्रश्न एक.

पन्नास रुपयांचा शाळू

जत ओलांडून विजयपूरकडे उतरताना राज्य बदलले, हे पाटीवरून कळले, शिवारावरून नाही. तीच काळी, भेगाळणारी जमीन आणि तोच शाळू. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो, असे ठराव जत तालुक्यातल्या गावांनी केले होते. २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव पुढे केले आणि दोन्हीकडचे पुढारी सीमेवरून भांडले. जतच्या शेतकऱ्याचे भांडण सीमेशी नव्हतेच, कोरड्या विहिरीशी होते.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. कॉलेजात आम्हाला संकरित ज्वारीचे गोडवे शिकवले. १९६४ साली सी. एस. एच. १ हे पहिले संकरित वाण आले आणि खरिपाचा उतारा वाढला, हे खरेच आहे. पण खरिपाच्या ज्वारीचे कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाणा काळा पडतो. शाळूचे तसे नाही. तो जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढतो. दाणा मोत्यासारखा, भाकरी गोड, कडब्यावर गोठा जगतो. फक्त एकरी उतारा कमी.

आता सरकारचा न्याय पाहा. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ रुपये आणि मालदांडीला ३,७४९ रुपये. फरक रुपये पन्नास! पन्नास रुपयांत आमच्या मोटारसायकलीत अर्धा लिटर पेट्रोलसुद्धा पडत नाही. उतारा कमी, ओलीचा भरवसा नाही, आणि त्याची किंमत अर्ध्या लिटरपेक्षा कमी. मग कोरडवाहू शेतकरी शाळू सोडून दुसरे काही पेरतो, तेव्हा त्याला दोष कोणी द्यायचा?

कर्नाटकाने उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी देण्याची वाट पाडली. जहिराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायकांच्या संघांनी १९९० च्या दशकात याच्याही पुढची गोष्ट केली. पडीक जमिनी कसल्या, पिकलेली ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्याच गरिबांना स्वस्त दराने दिली. धान्याला गावातच गिऱ्हाईक मिळाले. ज्वारी आरोग्याला चांगली म्हणून शहरातल्या सभांत भाषणे झडतात; ती पिकवणाऱ्याला भाव कोण देणार, हे त्या भाषणांत येत नाही.

पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

आदिलाबादहून पांढरकवड्याकडे येताना पैनगंगा लागते. नदी ओलांडली की तेलंगण संपले, महाराष्ट्र सुरू झाला. दोन्ही तीरांवर कापूस फुटलेला. इथे म्हाताऱ्या माणसांनी आम्हाला जुन्या रात्री सांगितल्या. १९७२ च्या हंगामापासून २००२ पर्यंत महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. आपला कापूस सरकारी केंद्राबाहेर विकणे हा शेतकऱ्याचा गुन्हा. ज्या वर्षी पलीकडे भाव जास्त, त्या वर्षी कापूस रात्रीचा आडवाटेने नदीपार व्हायचा. तिकडे सेंधव्याच्या बाजूलाही हेच. घरचा माल विकायला चोराची पावले! ज्या वाटांनी आम्ही मोटारसायकली घातल्या, त्यांतल्या कितीतरी वाटा या कापसानेच मळवलेल्या.

ते नाके आता उठले. कापूस दिवसाढवळ्या कुठेही न्या, कोणी अडवत नाही. पण न्यायचा कुठे? आदिलाबाद, यवतमाळ, खरगोन, सेंधवा, जिथे थांबलो तिथे व्यापाऱ्याची बोली हमीभावाच्या खालीच. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. तो घ्यायचा तर सी. सी. आय. च्या केंद्रावर जा, त्याआधी मोबाईलवर नाव नोंदवा आणि कापसात ओल बारा टक्क्यांच्या वर असू देऊ नका. परतीचा पाऊस अंगावर घेतलेला कापूस बारा टक्क्यांत कसा बसवायचा, हे मोबाईल सांगत नाही.

चारही राज्यांत भाव एकाच वेळी का बसला? कारण भाव बसवणारा हात एकच आहे. परदेशी कापसावर २०२१ पासून ११ टक्के आयातकर होता. केंद्र सरकारने तो १९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकला. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे आपला नवा कापूस बाजारात यायचे नेमके महिने! गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हे कारण.

आम्ही खुल्या बाजाराला भीत नाही. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी उघडे ठेवा. २०१० आणि २०१२ साली जगात कापसाला गिऱ्हाईक होते, तेव्हा याच दिल्लीने निर्यातीचे दार लावून घेतले होते. भाव चढला की बाहेर जायचे दार बंद, भाव पडला की आत यायचे दार सताड उघडे. याला बाजार म्हणत नाहीत, उंदराचा पिंजरा म्हणतात.

डाव्या हाताने देणे, उजव्या हाताने काढणे

पांढरकवड्याकडचे शेतकरी आम्हाला म्हणाले, "नदीपलीकडचा सुखी आहे. त्याला एकरी पैसे मिळतात." खरे आहे. तेलंगणाने २०१८ साली एकरी, हंगामी मदत सुरू केली. २०२५ मध्ये ती एकरी सहा हजार रुपये झाली. पण आम्ही पलीकडून आलो होतो, म्हणून हिशेब मांडला. एकरी सहा क्विंटल कापूस धरा. क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले की एकरी सहा हजार गेले. जेवढे आले, बरोबर तेवढेच. शिवाय मदत सातबाराच्या धन्याला; दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याच्या वाट्याला फक्त पडलेला भाव.

मध्य प्रदेशात २०२५ साली सोयाबीनला भावांतर दिले. कापसाचा तिथला शेतकरी तेलंगणाकडे बोट दाखवतो. तेलंगणाचा खंडकरी आणखी कोणाकडे. प्रत्येकाला शेजारच्याचे ताट भरलेले दिसते. आडवाटेने चारही ताटे पाहिली, तेव्हा कळले की वाढणारा एकच आहे आणि त्याने हात आखडलेला आहे.

आमची एक चूकही कबूल करतो. कापूस वेचतात बायका. आम्ही चार बाप्ये हेल्मेट घालून बांधावर उभे राहिलो की त्या गप्प व्हायच्या, आणि आम्ही भाव विचारायला पारावरच्या पुरुषांकडे वळायचो. वेचणीची मजुरी किती, फवारणीचे पाणी कोण आणते, २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली त्या घरांत आज काय आहे, या प्रश्नांची उत्तरे आमच्या वहीत नाहीत. वही अर्धीच भरली.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, दर सुगीला अशा जोड्या निघाव्यात. फार लांब नको. प्रत्येक तालुक्याने सीमेपलीकडचा एक तालुका धरावा, बाजारातली खरी बोली वहीत लिहून आणावी आणि बैठकीत वाचावी. पुढच्या फेरीत मायबहिणी हव्यात. त्याशिवाय दुसरी अर्धी वही भरणार नाही.

दुसरी, पेरणीपासून सुगी संपेपर्यंत आयात-निर्यातीचा नियम बदलू नये, ही मागणी चारही राज्यांतून एकाच दिवशी, एकाच शब्दांत जावी. एकट्या महाराष्ट्राची ओरड दिल्लीला सवयीची झाली आहे.

तिसरी, मालदांडीचा भाव संकरित ज्वारीच्या शेपटाला बांधू नये. शाळूचा खर्च आणि उतारा वेगळा काढून त्याचा भाव वेगळा ठरवावा. ही मागणी जत आणि विजयपूर यांनी मिळून करावी. पुढाऱ्यांनी सीमेवरून भांडावे. आपण शाळूवरून एक व्हावे.

पूर्वी आपला कापूस रात्री चोरून सीमा ओलांडत होता. आता आपण दिवसा, उजळ माथ्याने ओलांडू. टाकीत पेट्रोल आम्ही वर्गणी काढून घातले होते. पुढच्या फेरीची वर्गणी बैठकीच्या दारातच गोळा होईल. येताना खिशात थोडे घालून या, आणि घरात कोणाला मोटारसायकल नीट चालवता येते, तेही सांगा.