संकेतस्थळ आधी मोबाईलच्या पन्ह्यावर बेतावे

आमच्या व्यापारी बंधूंमध्ये संकेतस्थळाची, म्हणजे वेबसाइटची, आवड वाढत आहे. ही समाधानाची बाब आहे. परंतु ते करून घेताना एक चूक सर्रास होते. तयार करणारा ते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तयार करतो, त्याच पडद्यावर आम्हाला दाखवतो आणि आम्ही खूष होऊन पैसे मोजतो. गिऱ्हाईक मात्र ते हातातल्या मोबाईलवर उघडते.

आमच्या पेढीचेही असेच झाले. एका ओळखीच्या दलालांनी फोन करून कापडाचा पन्हा विचारला. पन्हा तर पानावर लिहिलेलाच होता! मग आम्ही स्वतः मोबाईलवर पाहिले. अक्षरे मुंगीएवढी, भावाचा तक्ता उजवीकडे कापलेला आणि फोन नंबर अगदी तळाशी, तोही चित्रात छापलेला. ओळखीच्या माणसाने फोन तरी केला. अनोळखी गिऱ्हाईक काही न बोलता दुसऱ्या दुकानात गेले असणार.

यामागचे कारण साधे आहे. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी करण्याची सूचना पानात लिहिलेली नसेल, तर मोबाईल ते पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवतो. मोबाईलचा स्वतःचा पन्हा साधारण ३६० ते ४०० पिक्सेल. मग अक्षरे वाचता येणार कशी?

यावर अमेरिकेतील ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २००९ साली उपाय मांडला आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आधी मोबाईलसाठी आखणी करा, नंतर मोठ्या पडद्यासाठी वाढवा, असे त्यांचे म्हणणे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. कमी पन्ह्यात नीट बेतलेले जास्त पन्ह्यात सहज बसते. उलट मात्र होत नाही. गूगलनेही २०१६ मध्ये जाहीर करून पुढे टप्प्याटप्प्याने हीच रीत स्वीकारली. आता शोधाच्या यादीसाठी ते संकेतस्थळाचे मोबाईलवरील रूपच वाचते. जे फक्त संगणकावर दिसते, ते त्याच्या हिशेबी नसल्यासारखेच.

काही बंधू म्हणतात, व्हॉट्सॲपवर नमुने पाठवले की काम होते, संकेतस्थळ कशाला? परंतु व्हॉट्सॲपवर आपण ज्यांचे नंबर ठेवतो तेच असतात. नवा खरेदीदार आधी शोध घेतो.

अरुंद पडद्याचा मोठा फायदा हा की तो निवड करायला लावतो. इमारतीचे फोटो आणि स्वागताचे लांबलचक लेख मागे पडतात. माल कोणता, सूत कोणते, पन्हा किती, रंग पक्का की कच्चा, भाव काय, कमीत कमी किती थान घ्यावे लागतील, एवढेच वर राहते. इथे आमच्या दीनची शिकवणही आठवावी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते वरच का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. कापड धुतल्यावर आटत असेल तर ती गोष्टही वरच हवी, पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नव्हे.

तेव्हा पैसे चुकते करण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे. पान एखाद्या साध्या, स्वस्त मोबाईलवर, घराबाहेर, सिमच्या इंटरनेटवर उघडावे. न ताणता वाचता आले पाहिजे. बटण अंगठ्याने दाबता येईल एवढे मोठे असावे. नंबरावर बोट ठेवताच फोन लागावा. फोटो वजनाने हलके करून घ्यावेत. उर्दू मजकूर असेल तर ओळी उजवीकडून सुरू होतात ना आणि नस्तालीक अक्षरे एकमेकांवर चढत नाहीत ना, हेही तपासावे.

थान घेताना आम्ही ते उलगडून, उजेडात धरून, हाताने चाचपून पाहतो. संकेतस्थळही विकत घेतलेला मालच आहे. तो विकणाऱ्याच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या हातात धरून पारखावा, एवढीच आमची बंधूंना विनंती आहे.