तीन तास चालतील, गृहपाठ नको!

हॉलिवूडचे सिनेमे हल्ली फार लांबतात म्हणून प्रेक्षक वैतागतो, ही तक्रार अर्धीच खरी. ख्रिस्तोफर नोलनचा 'ओपेनहायमर' (२०२३) तीन तासांचा. त्यात बराच वेळ माणसं खोलीत बसून नुसती बोलतात. तरी तो जगभर तुफान चालला, ७ ऑस्करही मिळाले. त्याच वर्षीचा 'द मार्व्हल्स' जेमतेम पावणेदोन तासांचा आणि मार्व्हलच्या या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा!

असं का? त्यात नायिका तीन. मोनिकाला शक्ती कशी मिळाली, ते 'वांडाव्हिजन' या वेब सीरिजमध्ये. कमला कोण, ते 'मिस मार्व्हल'मध्ये. म्हणजे शनिवारी सहज तिकीट काढणाऱ्याने आधी ओटीटीचे पैसे भरून अभ्यास करायचा, मग थिएटरचे पैसे भरायचे. हा सिनेमा की परीक्षा? 'ओपेनहायमर'ला जाताना अणुबॉम्ब पडला होता एवढं ठाऊक असलं तरी पुरतं.

सिक्वेल वाईटच असतात, असंही नाही. 'इनसाइड आउट २' हा २०२४ मधला जगात सर्वाधिक कमाईचा सिनेमा. पहिला भाग २०१५चा. पण तो न पाहिलेल्या पोरालाही परीक्षेआधीची पोटातली धडधड ओळखू येते.