‘विक्रांत’वर नोकरी केलेल्यांनो, तुमची हकीकत मागे ठेवा

विमानवाहू जहाज आयएनएस विक्रांतवर १९६१ ते १९९७ या काळात कोणत्याही हुद्द्यावर नोकरी केलेले नौसैनिक, त्यांच्या घरची माणसं आणि मुंबईच्या नौदल गोदीत या जहाजाच्या दुरुस्तीवर राबलेले कामगार, या सगळ्यांना हे आवाहन आहे.

२०२२ साली कोचीला नौदलात आलेली विक्रांत नवी. हे आवाहन पहिल्या विक्रांतविषयी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘हर्क्युलिस’ या नावाने ती बांधायला घेतली. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपलं आणि काम अर्धवट राहिलं. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली आणि बेलफास्टला पुरी करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. नोव्हेंबरात ती मुंबईला पोचली आणि महिनाभरातच गोवामुक्तीच्या वेळी पश्चिम किनाऱ्याबाहेर गस्तीला उभी राहिली. १९६५ च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत होती. ती बुडवल्याच्या वावड्या पाकिस्तानात उठत होत्या, तेव्हा आपले फिटर आणि वेल्डर तिच्या पोटात काम करत होते. त्या दिवसांत गोदीत काय वातावरण होतं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?

१९७१ च्या युद्धाची गोष्ट सर्वांना वरवर माहीत आहे. ४ डिसेंबरला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, पाठोपाठ चितगाव. अलिझे विमानंही तिच्यावरूनच मोहिमेवर जात होती. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं. हे सगळं पुस्तकांत आहे.

पण त्या युद्धाला निघताना तिच्या एका बॉयलरला चिरा गेलेल्या होत्या. चारपैकी तीन बॉयलरवर भागवायचं होतं, वेग उतरलेला होता. जहाज चालायचं ते वाफेवर आणि विमान डेकवरून भिरकावणारा कॅटपल्टही वाफेवरच. विमान उडवायचं तर जहाजाने वाऱ्याच्या तोंडाला पुरेसा वेग धरायला हवा आणि त्याच वेळी कॅटपल्टलाही वाफ पुरायला हवी. म्हणजे वर डेकवर वैमानिक कॉकपिटमध्ये बसलेला असताना, त्याचं उड्डाण कित्येक मजले खाली, बॉयलर रूमच्या उकाड्यात गेजवर डोळा ठेवून उभ्या असलेल्या स्टोकरच्या हातात होतं. त्या स्टोकरला ना आकाश दिसत होतं, ना चितगाव. त्याचं नाव कोणत्या पुस्तकात आहे? माझ्या मते विक्रांतच्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं रिकामं पान आहे, आणि ते भरणारी माणसं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरच्या गावांतून आजही आहेत.

जहाज मात्र राहिलं नाही. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१२ मध्ये तेही बंद झालं. लिलावात ती सुमारे ६० कोटी रुपयांना गेली. वाचवण्यासाठी लोक कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण पोचलं, पण २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्या दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला, काहीचं लायन गेटजवळ स्मारक झालं. सुमारे सातशे फुटांचं जहाज आपण जपू शकलो नाही, ही बोच मला आजही आहे. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू जहाजाच्या बाबतीतही तेच झालं. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिला ठेवण्याची योजना महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केली होती, तरी २०२० साली ती अलंगला तोडायला गेली. पोलाद जपायला कोट्यवधी रुपये लागतात. माणसाची आठवण जपायला एक वही पुरते आणि रोज एक तास काढावा लागतो.

१९७१ साली विशीत असलेला पोरगा आज सत्तरी ओलांडून पुढे गेला आहे. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.

नेव्हीवाल्यांनो, युद्धाच्या गोष्टीपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. तुमच्या मेस डेकमध्ये किती जण राहायचे, झोपायला जागा कशी मिळायची, हजाराच्या वर माणसांचा स्वयंपाक गॅलीत कसा निघायचा, घरचं पत्र किती दिवसांनी हाती पडायचं, पहिल्यांदा बोट लागली तेव्हा कोणी सांभाळलं, बंगालच्या उपसागरात निघताना तुम्हाला काय सांगितलं होतं आणि काय सांगितलं नव्हतं, हे लिहा. मराठीत लिहा, मालवणीत लिहा, जसं बोलता तसं लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका. तारीख आठवत नसेल तर ‘पावसाळ्यानंतर’ असं लिहिलं तरी चालेल, अंदाजाने आकडा मात्र घालू नका. नोकरीत जे गुप्त म्हणून सांगितलं होतं, ते गुप्तच राहू द्या.

मुला-नातवंडांनो, आजोबांच्या हातात वही ठरत नसेल तर मोबाईलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. सुरुवातीला नाव, हुद्दा आणि जहाजावरची वर्षं त्यांच्याच तोंडून घ्या. मध्ये तोडू नका, ते गप्प झाले तर थांबा. जुने फोटो घेऊन बसा आणि प्रत्येकात कोण उभं आहे ते विचारून मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. फोटोंना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ज्या घरात नौसैनिक आता नाहीत, तिथल्या काकूंना किंवा आजींनाही विचारा. जहाज समुद्रात असताना मुंबईतल्या खोलीत किंवा गावच्या घरात काय चाललं होतं, हाही विक्रांतचाच इतिहास आहे. ट्रंकेत कॅपवरची विक्रांत नावाची पट्टी, पत्रं, डिस्चार्जचे कागद असतील तर ते भंगारात किंवा हौशी खरेदीदाराच्या हाती जाऊ देऊ नका.

दारूखान्यात तिला कापणाऱ्या कामगारांनीही बोलावं. तिला आतून शेवटचं पाहिलं ते त्यांनी.

मूळ वस्तू घरातच ठेवा. वहीच्या आणि फोटोंच्या प्रती काढा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी १९७१ मध्ये पूर्वेच्याच ताफ्यात ‘कमोर्टा’चे कप्तान होते. १९७८ साली त्यांनी मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली. तिथे, तसंच गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात, आधी पत्राने विचारून प्रती देण्याची तजवीज करता येईल. गावात एकापेक्षा जास्त माजी नौसैनिक असतील तर शाळेच्या मुख्याध्यापकांनी पुढाकार घेऊन त्यांना ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला शाळेत बोलवावं, आणि सातवी-आठवीच्या मुलांकडून त्यांचं बोलणं लिहून घ्यावं. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्या घरी मुलांनीच जावं.