छंद राहू द्या, धूळ आवरा



मागच्या वर्षी आमच्या पुतण्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी धारूरच्या किल्ल्याचा दरवाजा आणि शेजारचा तट करायला घेतला. अर्ध्या मीटरला एक सेंटीमीटर असे माप. म्हणजे पाच फुटी माणूस तीन सेंटीमीटरचा. तट पुठ्ठ्याचा झाला. तोफा आणि कमानीची नक्षी मात्र त्याने रबरी साच्यात रेझीन ओतून पाडली. काम सुबक! पण पोराने ते भाग आमच्या एकुलत्या एक खोलीत, पंखा लावून, पॉलिश पेपरने घासले. माठावर, भाकरीच्या टोपल्यावर, पाळण्यावर पांढरी भुकटी बसली. रात्री तान्ही पोर खोकून खोकून लालबुंद झाली. माझे भाऊ-भावजय तेव्हा ऊसतोडीला गेलेले. पोरे माझ्या जिवावर सोडलेली. ती रात्र मी जागून काढली.

आपली माणसे दगडखाणीत, खडीक्रशरवर राबली आहेत. बारीक धूळ छातीत बसली की काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग तीच धूळ पोराच्या हौसेपायी घरात का येऊ द्यावी? म्हणून आता आमच्या घरी नियम ठरले आहेत. तुम्हीही पाळा.

१) वाळलेले रेझीन कोरडे घासू नये. थाळीत पाणी घ्यावे, वॉटर पेपर भिजवावा आणि भाग ओला ठेवून घासावा. म्हणजे धूळ उडतच नाही. उरलेला गाळ जुन्या वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात टाकावा, मोरीत ओतू नये. जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

२) करवत किंवा कानस चालवताना तोंडाला एन-९५ मास्क लावावा. रुमालातून बारीक धूळ आत जाते. डोळ्यांना चष्मा हवा.

३) ओले रेझीन आणि हार्डनर यांचे काम अंगणात, हातमोजे घालूनच करावे. वास येतो तो वाफेचा. धुळीचा मास्क ती अडवत नाही. हार्डनर वारंवार कातडीला लागला तर खाज, पुरळ कायमचे मागे लागू शकतात. हात साबणाने धुवावेत, थिनरने नव्हे.

४) एका वेळी थोडेच कालवावे. पेलाभर मिश्रण साचून राहिले की आपोआप तापते, धूरही येतो. पॉलिस्टर रेझीनचा हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, भडका उडतो. चूल, विडी-काडी लांब ठेवावी.

५) भाग चिकटवायला फेविक्विक लागते. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवावीत. हे द्रव कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडले तर चटका बसण्याइतके तापते.

६) काम करताना खाऊ नये. तान्ही मुले, दम्याचे रोगी, गरोदर बाई यांना दूर ठेवावे. खोकला, धाप थांबत नसेल तर घरगुती काढ्यावर न राहता दवाखाना गाठावा.

पुतण्याला रागावून सामान फेकून देणे सोपे होते. पण शिकणाऱ्या हातांना आडकाठी घालायची नाही, हे आपल्या घरातले वळण. तो आता अंगणात कडुनिंबाखाली, पाण्याची थाळी घेऊन बसतो. धाकटी उंबऱ्यावरून बघते. दरवाजा पुरा झाला आहे. तोफाही जागेवर बसल्या आहेत.

ऊसतोडीहून परतल्यावर भावाने तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “पोरा, हा तुझ्या हातचा?” त्या एका वाक्यासाठी एवढी खबरदारी घ्यायला काय हरकत आहे?